वजन वाढलेल्या मुलाला उपाशी न ठेवता काय करता येईल?

गोदाकाठ (नाशिक)

माझा मुलगा नऊ वर्षांचा असून चौथीत शिकतो. गेल्या महिन्यात शाळेत आरोग्य तपासणी झाली, तेव्हा त्याची उंची १३४ सेंटिमीटर आणि वजन ४४ किलो भरले. तपासणीच्या कागदावर ‘वजन जास्त, बालरोगतज्ज्ञांना दाखवावे’ असा शेरा होता. तो कागद त्याने दोन दिवस दप्तरात लपवून ठेवला होता, हे मला नंतर कळले आणि त्याचेच मला अधिक वाईट वाटले.

थोडी पार्श्वभूमी सांगते. पूर्ण दिवसांचा असूनही जन्मतः त्याचे वजन २ किलो १०० ग्रॅमच होते. सासूबाईंनी त्याला तळहाताच्या फोडाप्रमाणे जपले. दर दोन तासांनी काही ना काही भरवले. वर्षाचा होईपर्यंत त्याने असे बाळसे धरले की येणारा-जाणारा कौतुक करत असे आणि आम्हालाही आपण जिंकलो असे वाटत असे. पाच वर्षांनंतर मात्र तो सुटतच गेला.

आता त्याचा दिवस असा असतो. सकाळी पेलाभर दूध, त्यात दोन चमचे साखर आणि ताकद वाढवणारी म्हणून मिळणारी चॉकलेटी पावडर. डब्यात दोन दिवस पोळी-भाजी आणि उरलेले दिवस नूडल्स, जॅम लावलेली पोळी किंवा चीज सँडविच, कारण भाजीचा डबा तसाच परत येतो. चार वाजता घरी आल्यावर पुन्हा तसेच दूध आणि त्यात बुडवून सात-आठ ग्लुकोज बिस्किटे. पाच ते सात शिकवणी, कारण शिष्यवृत्ती परीक्षा द्यायची आहे. त्यानंतर मोबाईल. यजमान साडेनऊला येतात, सगळे एकत्र टीव्हीसमोर जेवतो आणि झोपायला साडेअकरा होतात. सकाळी सातला उठावे लागते. खेळणे जवळजवळ नाहीच, कारण इमारतीखाली गाड्या उभ्या असतात आणि ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे’ अशी पाटी लावलेली आहे.

आणखी एक गोष्ट आहे. त्याच्या मानेभोवती आणि काखेत काळपट, जाडसर पट्टा आला आहे. सासूबाईंना तो मळ वाटतो, म्हणून त्या दर रविवारी डाळीचे पीठ आणि लिंबू लावून मान घासतात. कातडी लाल होते, तो रडतो, आणि पट्टा आहे तिथेच राहतो.

यजमान म्हणतात की उंची वाढली की आपोआप रोडावेल. त्यांच्या वडिलांना मधुमेह होता, त्यांचीही साखर अलीकडे काठावर आली आहे, त्यामुळे हे घराण्यातच असावे असेही ते म्हणतात. मला थायरॉईडची शंका येते. माझी धाकटी मुलगी आठ महिन्यांची आहे. मुलाच्या बाबतीत आमचे कुठे चुकले हे समजले तर निदान तिच्या बाबतीत ते टळेल, म्हणून जाणकारांनी मोकळेपणाने सांगावे ही विनंती.

बालरोग_पुणे

ताई, आपण सगळे तपशील दिले आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मी बालरोगतज्ज्ञ आहे. तरीही हे लिखाण तपासणीची जागा घेऊ शकत नाही, हे आधी सांगतो.

प्रथम आकडा पाहू. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. आपल्या मुलाचा तो साधारण साडेचोवीस येतो. मोठ्या माणसात हा आकडा फारसा वाटणार नाही, पण मुलांमध्ये बीएमआय वयानुसार बदलतो, म्हणून तो वाढीच्या तक्त्यावरच पाहावा लागतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन अॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी सुधारित तक्ते काढले. त्यांत प्रौढांच्या २३ आणि २७ या बीएमआयशी जुळणाऱ्या दोन रेषा आहेत. पहिली ओलांडली की वजन जास्त आणि दुसरी ओलांडली की लठ्ठपणा. आपला मुलगा दुसऱ्या रेषेच्याही बराच वर आहे. घरच्या घरी पाहायचे असेल तर शिवणकामाच्या टेपने बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर मोजावा. तो उंचीच्या निम्म्यापेक्षा, म्हणजे त्याच्या बाबतीत ६७ सेंटिमीटरपेक्षा, जास्त असेल तर चरबी पोटात साठते आहे असे समजावे.

आता मानेकडे येतो, कारण आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला तीच वाटली. तो मळ नाही. शरीरातील पेशी साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन सोडू लागते आणि रक्तातील त्या जादा इन्सुलिनमुळे मान, काख, जांघ अशा ठिकाणची त्वचा जाड आणि काळपट होते. वैद्यकात याला अकँथोसिस निग्रिकन्स म्हणतात. घासून तो कधीही जाणार नाही. वजन आटोक्यात आले की हळूहळू फिका पडतो. आजीबाईंना हे नीट समजावून सांगा आणि ते घासणे आजच थांबवा. माझ्याकडे अशी अनेक मुले येतात ज्यांच्या मानेवर ओरखडे असतात आणि ज्यांना आपण अस्वच्छ आहोत असे वाटत असते.

थायरॉईडविषयी एक साधी खूण लक्षात ठेवावी. थायरॉईड किंवा अन्य संप्रेरकांच्या विकाराने वजन वाढते तेव्हा बहुधा उंची खुंटते. मूल जाड आणि वयाच्या मानाने बुटके असेल, वर्षभरात उंचीच वाढली नसेल, तर आम्ही त्या दिशेने कसून शोध घेतो. आपल्या मुलाची उंची वयाच्या मानाने चांगली आहे, त्यामुळे ती शक्यता कमी आहे. स्टिरॉईड किंवा फिट्सची काही औषधे दीर्घकाळ चालू असतील तर त्यानेही वजन वाढते. तसे असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, मात्र औषध आपल्या मनाने बंद करू नका.

घराण्याचा वारसा खरा आहे, पण त्याने पूर्ण उलगडा होत नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार भारतात ५ ते १९ वयोगटातील लठ्ठ मुलामुलींची संख्या १९९० मध्ये सुमारे ४ लाख होती, ती २०२२ मध्ये सुमारे १ कोटी २५ लाख झाली. बत्तीस वर्षांत जनुके बदलत नाहीत. बदलले ते घरातील डबे, शाळेबाहेरच्या टपऱ्या, संध्याकाळचे वेळापत्रक आणि झोप.

आपल्याकडे मात्र याला आणखी एक पदर आहे, आणि तो पुण्याच्या आसपासच उलगडला. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातर्फे १९९३ पासून जवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रियांचा आणि नंतर त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळांचे सुमारे ३.५ किलो. आपली बाळे स्नायूंनी आणि पोटातील अवयवांनी लहान भरली, परंतु पाठीवरच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला किरकोळ, पण चरबीचे प्रमाण जास्त, असे आपले बाळ जन्मालाच येते. अशा बाळाचे वजन पुढे झपाट्याने वाढले तर स्नायूंपेक्षा चरबी अधिक साठते आणि मधुमेहाचा धोका लवकर गाठतो. म्हणून २ किलो १०० ग्रॅमच्या बाळाला गुटगुटीत करण्याची जी धडपड आपल्या घरी झाली ती मायेपोटीच झाली, पण त्याच्या शरीराला ती पेलण्यासारखी नव्हती. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. लवकर बाळसे धरलेले मूल निरोगी, असेच आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो आहोत, आणि उपासमार व जुलाबांनी मुले दगावत होती त्या काळात त्यात तथ्यही होते.

आता करायचे काय? रक्तदाब (मुलांच्या दंडाच्या मापाचा पट्टा वापरूनच), उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी तपासणी), रक्तातील चरबीचे प्रमाण आणि एसजीपीटी (यकृताला त्रास होत असल्यास रक्तात वाढणारा घटक) एवढ्या तपासण्या करून घ्या. तो रात्री घोरतो का, झोपेत श्वास अडल्यासारखा होतो का, याकडेही लक्ष द्या. यकृतात चरबी साठणे हे आता या वयातही वारंवार दिसते आणि तपासणीशिवाय ते लक्षात येत नाही, कारण बहुतेक वेळा पोट दुखतच नाही.

उद्दिष्ट मात्र माफक ठेवा. वजन घटवण्याची घाई नको. तपासण्यांत काही गंभीर निघाले नाही तर वर्षभर वजन याच जागी राहिले तरी पुष्कळ आहे. या वयात वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर उंची वाढते. उंची १४० झाली आणि वजन ४४ च राहिले तर बीएमआय साडेबावीसच्या आत येतो. यजमानांचे म्हणणे एवढ्यापुरते बरोबर आहे, पण ते ‘आपोआप’ होत नाही. काहीही न बदलता वाट पाहिलेली मुले वयात येताना आणखी जाड होतात. उपास, एकच पदार्थ खाण्याचे आहार किंवा इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या वजन उतरवण्याच्या पावडरी या वयात पूर्णपणे वर्ज्य आहेत.

आणि झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज नऊ ते बारा तास झोप लागते, आपल्या मुलाला साडेसात मिळते. अपुऱ्या झोपेने भूक वाढवणारी संप्रेरके वाढतात, आणि थकलेले मूल खेळतही नाही. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा आदेश काढला तो मुलांच्या झोपेचाच विचार करून. पण रात्री साडेअकरापर्यंत जागरण झाले तर त्या आदेशाचा आपल्या मुलाला काय उपयोग?

पानात_काय

मी मुलांच्या आहाराचे काम करते. डॉक्टरांनी मूळ सांगितलेच आहे, मी स्वयंपाकघरापुरते बोलते.

आई-वडील माझ्याकडे येतात तेव्हा मी त्यांना मुलाने दिवसभरात खाल्लेली साखर एका वाटीत काढायला सांगते. आपणही हे करून पाहा, पण मुलासमोर नको. दोन वेळच्या दुधात दोन-दोन चमचे, म्हणजे सुमारे २० ग्रॅम. ग्लुकोज बिस्किटात वजनाच्या जवळजवळ चौथा हिस्सा साखर असते, त्यामुळे आठ बिस्किटांची दहा-अकरा ग्रॅम होते. पावडरीतली साखर तिच्या डब्यावर छापलेली असते, तीही वाटीत टाका. जॅम आहेच. मधल्या वेळेत आंब्याच्या पेयाचा एखादा छोटा खोका घेतला असेल तर आणखी वीस-पंचवीस ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत, आणि जमल्यास पाच टक्क्यांच्या आत असावी. आपल्या मुलाच्या वयाला दिवसाला सुमारे १७०० उष्मांक धरले तर दहा टक्के म्हणजे ४२ ग्रॅम आणि पाच टक्के म्हणजे २१ ग्रॅम. कोणी कधी त्याला मिठाईची पेटी दिली नाही, तरी ही मर्यादा दुपारी चारलाच ओलांडली गेली.

पावडरीविषयी स्पष्ट सांगते. ती बंद करा. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढण्यास सांगितले, कारण आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी काही व्याख्याच नाही. पाकिटावरील घटकांची यादी उतरत्या क्रमाने असते. पहिल्या तिनांत साखर, लिक्विड ग्लुकोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन दिसले तर ते पाकीट परत फडताळावर ठेवावे. दूध मात्र बंद करू नका. साखर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेलात तर महिन्याभरात साध्या दुधाची सवय होते. एकदम काढली तर मूल दूधच सोडते.

त्याच्यासाठी वेगळा स्वयंपाक अजिबात करू नका. वेगळे ताट म्हणजे शिक्षा, हे नऊ वर्षांच्या मुलाला लगेच कळते. सगळ्यांच्याच ताटात बदल करा. यजमानांची साखर काठावर आहे, म्हणजे गरज त्यांनाही आहे. जेवणाची सुरुवात कोशिंबीर आणि वाटीभर उसळीने करा, मग पोळी-भाजी, शेवटी थोडा वरण-भात. मटकी, मूग, हरभरा पोटात असला की तिसरी पोळी बहुधा मागितली जात नाही. पोळीवर चमचाभर तूप असले तर मी हरकत घेत नाही, तूप-साखरेतली साखर काढा. लोक तुपावर सगळा राग काढतात आणि चहाबरोबरची खारी, फरसाणाचा डबा, सॉसची बाटली यांच्याकडे पाहत नाहीत.

चार वाजता त्याला खरी भूक लागलेली असते. ती बिस्किटांनी भागत नाही, अर्ध्या तासात पुन्हा लागते. त्या वेळी अर्धे जेवण द्या: भाजणीचे थालीपीठ आणि दही, उकडलेले अंडे, भाज्या घातलेले पोहे, शेंगदाणे-फुटाणे आणि एक फळ. फळ चावून खाऊ द्या. त्याचा रस काढला की तंतू चोथ्यात जातात आणि तीन संत्र्यांची साखर एका घोटात पोटात जाते. रात्रीचे जेवण यजमानांसाठी साडेनऊपर्यंत थांबवू नका. साडेसातला आजीबरोबर, टीव्ही बंद करून जेवू द्या. पडद्याकडे पाहत जेवणाऱ्याला पोट भरल्याचे कळत नाही, मग तो लहान असो वा मोठा. वडिलांबरोबर एकत्र बसण्याची वेळ सकाळच्या न्याहारीला आणता येईल.

भाजीचा डबा परत येतो याचे उत्तर पुष्कळदा डब्यातच असते. चार तासांनी डबा उघडल्यावर पाणी सुटलेली दुधी कोणालाच नको वाटते. मेथी, पालक, कोबी पिठात मळून त्याच्या दशम्या किंवा पराठे करा, आणि बाजारात भाजी घ्यायला त्याला बरोबर न्या. स्वतः निवडून आणलेल्या मटारांच्या शेंगा तो स्वतःच सोलून खाईल.

धाकटीविषयी. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू झाले असेलच. ते देतानाही शक्य तितके, दोन वर्षांपर्यंत, अंगावर पाजा. नाचणीचे सत्त्व, मूगडाळीची खिचडी, कुस्करलेले केळे, सगळे साखर-गूळ न घालता द्या. ज्या जिभेला गोडाची ओळखच झालेली नाही ती गोड मागत नाही. मोबाईल दाखवून भरवू नका. तिने तोंड फिरवले, ओठ मिटले, चमचा ढकलला की तिचे पोट भरले. ‘एक घास चिऊचा, एक घास काऊचा’ म्हणत भरवण्यात गोडी आहे, पण ती भुकेपर्यंतच. पोट भरल्यावरही घास कोंबत राहिले तर आतून येणारी ती खूण मूल ओळखेनासे होते आणि मोठेपणी ती परत शिकवणे फार अवघड जाते. अंगणवाडीच्या किंवा डॉक्टरांच्या तक्त्यावर वजनाबरोबर लांबीही नोंदवून घ्या, दोन्ही बरोबरीने वाढायला हव्यात.

मैदान_आणि_मुले

बावीस वर्षे क्रीडाशिक्षक आहे. माझा अनुभव असा की जाड मूल आळशी म्हणून मैदानाबाहेर बसत नाही. त्याला आपणच बाहेर बसवतो. संघ निवडताना त्याचे नाव शेवटी येते, खो-खोत तो पहिल्याच मिनिटाला बाद होतो, मुले हसतात, आणि पुढच्या तासाला त्याचे पोट दुखू लागते. दोन-तीन वेळा असे झाले की तो वह्या तपासायला बाईंना मदत करू लागतो आणि खेळ त्याच्या आयुष्यातून जातो.

अशा मुलाला पळण्याच्या शर्यतीपासून सुरुवात करायला लावू नये. त्याच्या अंगात ताकद असते. रस्सीखेच, कबड्डी, गोळाफेक यांत तो संघाला हवासा वाटतो. पोहण्यात गुडघ्यांवर भार येत नाही. लगोरीत नेम लागतो, आणि लगोरी रचेपर्यंत सगळ्यांना धावावेच लागते. एका मुलाला मी सलग पंधरा दिवस रस्सीच्या शेवटच्या टोकाला उभा केला होता. सोळाव्या दिवशी तो माझ्याआधी मैदानावर हजर होता.

५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी एक तास धाप लागेल अशी हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. हा तास सलगच हवा असे नाही. शाळेपर्यंत पंधरा मिनिटे चालणे, मधल्या सुट्टीत पंधरा मिनिटे, संध्याकाळी अर्धा तास, असेही चालते. पण शिकवणीचे दोन तास मधोमध बसले असतील तर काहीच बसत नाही. शिष्यवृत्ती परीक्षेचे महत्त्व मी जाणतो, तरीही चौथीच्या मुलाची रोजची दोन तासांची शिकवणी मला पटत नाही. आठवड्यातून तीन दिवस तरी ती संध्याकाळ त्याला परत द्या.

इमारतीतल्या पाटीबद्दल आपल्या सोसायटीच्या समितीला लेखी पत्र द्या आणि आणखी चार पालकांच्या सह्या घ्या. आमच्या सोसायटीत रोज साडेपाच ते सात या वेळेत एका बाजूच्या आठ गाड्या बाहेर रस्त्यावर लावायचे ठरले. कुरकुर झाली, पण दोन महिन्यांत ती जिरली.

शाळेकडेही विचारणा करा. महाराष्ट्र शासनाने मे २०१७ मध्येच शाळांच्या उपाहारगृहांत जास्त मीठ, साखर आणि चरबी असलेले पदार्थ विकण्यास मनाई केली. त्यानंतर २०२० च्या केंद्रीय नियमांनी शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत अशा पदार्थांच्या विक्रीवर बंदी घातली. मे २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले. नियम पुरेसे आहेत. पण शाळा सुटताना फाटकाबाहेर उभे राहून पाहिले की त्यांची अंमलबजावणी किती आहे ते कळते, आणि पालकांनी एकत्र येऊन विचारल्याशिवाय ती होत नाही. माझ्या तासिकेवर परीक्षेच्या महिन्यात गणिताचे सर येतात, तेव्हाही पालकांपैकी कोणी विचारत नाही, याची मला खंत आहे.

अबोली७

मी स्वतः जाड मुलगी होते, म्हणून एवढेच लिहिते. कागद दप्तरात लपवण्याची गोष्ट वाचून मला माझे दहावे वर्ष आठवले. आमच्याकडे पाहुणे आले की माझ्या ताटातील तिसऱ्या पोळीवर सर्वांसमोर चर्चा होई. मी ती पोळी परत ठेवत असे आणि रात्री सगळे झोपल्यावर फडताळातील शंकरपाळ्यांचा डबा उघडत असे. कडी वाजू नये म्हणून ती बोटाने धरून ठेवायची, हे मला अजून आठवते.

मुलाशी वजन, जाड, बारीक हे शब्द शक्यतो बोलू नका. ‘आपल्या घरात आता सगळे लवकर जेवणार’ एवढेच सांगा. नातेवाइकांना ‘भोपळ्या’ वगैरे म्हणू देऊ नका. प्रेमाने म्हटले तरी ते लागतेच. घरात आणायचेच नाही असे जे ठरेल ते सर्वांसाठी असावे, कुलूप लावलेला डबा कोणासाठीही नको.

गोदाकाठ (नाशिक)

सर्वांची मनापासून आभारी आहे. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण तपासण्या करून मगच लिहावे असे ठरवले होते.

थायरॉईड ठीक निघाला. एचबीए१सी ५.८ आहे, म्हणजे मधुमेह नाही, पण त्याच्या अलीकडची पायरी आहे असे डॉक्टरांनी सांगितले. एसजीपीटी वाढलेले आहे आणि सोनोग्राफीत यकृतात चरबी दिसली. पोटाचा घेर ७९ सेंटिमीटर भरला. यजमान त्या दिवशी बरोबर होते. त्यांनी अहवाल दोनदा वाचला आणि घरी येताना काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी सव्वासहाला उठून त्याला गोदावरीच्या काठाने चालायला नेतात. त्यासाठी आम्ही दिवे साडेनऊला मालवू लागलो आहोत. जेवण पावणेआठला होते. शिकवणी सोमवार, बुधवार आणि शुक्रवारीच ठेवली. पावडर बंद केली, दुधातली साखर दीड चमच्यावर आली आहे. जॅमची बाटली संपल्यावर नवीन आणलेली नाही. नूडल्स अजून आठवड्यातून एकदा होतात. त्यांत आता अर्ध्याहून जास्त गाजर, कोबी आणि फरसबी असते.

सासूबाईंशी बोलणे मला सर्वांत कठीण वाटत होते. मानेवरच्या पट्ट्याचे कारण मी त्यांना सांगितले तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “म्हणजे मी त्याला उगीचच रडवत होते.” त्यांना सावरायला मलाच वेळ लागला. आता थालीपिठाची भाजणी त्यांनी स्वतः भाजून दळून आणली आहे आणि संध्याकाळी सहाला त्याच त्याला खाली घेऊन जातात. पाटी अजून आहे, पत्रावर सात सह्या झाल्या आहेत.

एकच प्रश्न उरला आहे. दिवाळी तोंडावर आली. फराळ करायचाच नाही असे सासूबाई म्हणू लागल्या आहेत, पण मुलाचे तोंड पाहून मला ते योग्य वाटत नाही. काय करावे?

पानात_काय

फराळ जरूर करा. न केला तर तो स्वतःला त्याचे कारण समजेल. दरवर्षीच्या निम्म्या मापाने करा, म्हणजे पाडवा-भाऊबीजेनंतर पंधरा दिवस डबे उरणार नाहीत. पातळ पोह्यांचा चिवडा पोहे तळण्याऐवजी भाजून, दाणे-डाळे भरपूर घालून करा. चकली आणि लाडू नेहमीसारखेच असू द्या, लाडूचा आकार तेवढा सुपारीएवढा वळा. सकाळच्या न्याहारीऐवजी सर्वांनी एकत्र बसून ताटलीत वाढून खा, आणि डबा त्यानंतर झाकून ठेवा. येता-जाता मूठ भरण्याची सवय सर्वांनी सोडायची, यजमानांसह. लाडू वळायला मुलाला आजीशेजारी बसवा.

बालरोग_पुणे

अहवाल वाचले. एसजीपीटी आणि एचबीए१सी तीन महिन्यांनी पुन्हा करा. मधल्या काळात वजन महिन्यातून एकदाच, एकाच काट्यावर, सकाळी घ्या, आणि दर वेळी उंचीही नोंदवा. काटा त्याच्या खोलीत ठेवू नका.